कुलूप लावलं ना? मग खाली उतर

कुलूप लावूनही ‘लावलं ना?’ या शंकेने जिन्यातून परत फिरायचा माझा विक्रम पाच वेळांचा आहे, तेव्हा तुझंही तसंच होत असेल तर लाजू नकोस. सुरुवातीला एवढंच कर:

– कुलूप एकदाच ओढून बघ, मोठ्याने म्हण, ‘लावलं.’ धडधडेल, परत फिरावंसं वाटेल. तसाच खाली उतर. थोड्या वेळाने धडधड आपोआप ओसरते. परत जाऊन बघितलंस की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण उद्या शंका आणखी चिवट होते.
– काळजीला वेळ ठरवून दे. संध्याकाळी १५ मिनिटं, वहीत. अंथरुणात नको.

नवखे ‘विचारच नको’ म्हणून विचारांशी झगडतात, नाहीतर रात्री गूगलवर लक्षणं शोधतात. (मीही शोधली आहेत.) बाकीचं नंतर.

झोप, जेवण, काम बिघडायला लागलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर. मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.