सगळं फोनवर वाचता येत असताना पुस्तकं जमवण्यात काय आनंद आहे?

दोन वर्षांत घरात शेदीडशे पुस्तकं आली, निम्मी अजून वाचलेली नाहीत, घरचे म्हणतात सगळं फोनवर मिळतं मग हा पसारा कशाला, आणि आता तुमचं तुम्हालाच कळेनासं झालंय की आवड वाचनाची आहे की नुसती जमवण्याची, असं तुम्ही लिहिलंय. माझं उत्तर असं की या दोन वेगळ्या आवडी आहेत आणि एकाच माणसात त्या सुखाने नांदतात. माझ्यात गेली वीसेक वर्षं नांदताहेत.

वाचणाऱ्याला मजकूर हवा असतो. तो फोनवर वाचा, वाचनालयातून आणून वाचा, कुणाकडून वाचून घ्या, फरक पडत नाही. जमवणाऱ्याचा जीव अडकतो तो प्रतीत. जिचा कणा उन्हाने फिकट झालाय, जिच्या पहिल्या कोऱ्या पानावर कुणीतरी कुणालातरी वाढदिवसाला दिल्याचं लिहिलंय, जिच्यात एकाच प्रकरणाच्या समासात बारीक पेन्सिलीने प्रश्नचिन्हं काढलेली आहेत, अशी एखादी प्रत. तोच मजकूर जगात लाखो ठिकाणी असेल, ही प्रत मात्र एकच असते.

समासातल्या टिपणांचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण फर्माचं. सतराव्या शतकातल्या या फ्रेंच गणितज्ञाने डायोफँटस या प्राचीन ग्रीक गणितज्ञाच्या ग्रंथाच्या आपल्या प्रतीत एक प्रमेय टिपून ठेवलं आणि पुढे लिहिलं की याची सुंदर सिद्धता मला सापडली आहे, पण ती मावेल एवढा हा समास मोठा नाही. त्याच्या मृत्यूनंतर मुलाने १६७० साली तो ग्रंथ वडिलांच्या टिपणांसकट छापला, म्हणून जगाला हे कळलं. सिद्धता छापून यायला १९९५ उजाडलं. आणि फर्माने जिच्यात लिहिलं ती मूळ प्रत मात्र हरवली, ती आजवर कुणाच्या हाती लागलेली नाही. मला यात सर्वांत जास्त हुरहुर लावणारी गोष्ट ही शेवटचीच वाटते.

मी स्वतः जुने अ‍ॅटलास जमवते. त्यातली एक शोधाशोध सविस्तर सांगते, कारण तुम्ही विचारलेला आनंद म्हणजे नेमकं काय, ते मला तिथेच सर्वांत स्वच्छ समजलं. एकदा एका जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला कापडी बांधणीचा एक अ‍ॅटलास मिळाला. शीर्षकाचं पान फाटलेलं, त्यामुळे छपाईचं साल कुठेच नाही. घरी आणला आणि नकाशांनाच विचारायला बसले. पर्शियाच्या जागी इराण छापलेलं होतं, म्हणजे १९३५ च्या आधीचा नाही. थायलंडच्या जागी सयाम होतं. ते नाव १९३९ मध्ये बदललं, पण दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षं परत आलं होतं, त्यामुळे एवढ्यावर भागेना. मग युरोप उघडला. डान्झिग (आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क) वेगळं मुक्त शहर म्हणून दाखवलेलं, म्हणजे १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होऊन जर्मनीने ते घेण्याच्या आधीचा. ऑस्ट्रिया जर्मनीपासून वेगळा, म्हणजे मार्च १९३८ मध्ये जर्मनीने तो गिळला त्याच्या आधीचा. शेवटी आफ्रिका. तिथे इथिओपिया, एरिट्रिया आणि सोमालियाचा इटलीच्या ताब्यातला भाग एकाच रंगात, इटलीची वसाहत म्हणून. ते १९३६ मध्ये झालं. नकाशे छापून बाहेर पडायला थोडा उशीर होतो हे धरलं तरी माझा अ‍ॅटलास १९३६ ते १९३८ या एवढ्याशा फटीतला ठरला. या कामात दोन रात्री गेल्या. जे जग दीड-दोन वर्षांत पुसलं जाणार होतं ते माझ्या मांडीवर उघडं पडलं होतं, आणि ज्याने ते रंगवलं त्याला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

त्याच अ‍ॅटलासमध्ये हिंदी महासागराच्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने एक रेघ ओढलेली आहे, बंदरामागून बंदर, प्रत्येक बंदरापाशी बारीक फुली. शेवटच्या फुलीनंतर रेघ थोडी पुढे जाते आणि पाण्यातच थांबते. कुणाचा प्रवास होता, झालेला की मनातला, हे मला कधीच कळणार नाही. तरी वर्षातून एकदोनदा ते पान उघडून बसते.

आता तुमच्या घरच्यांच्या प्रश्नाकडे. फोनचं त्यांचं म्हणणं खोटं नाही. एकदाच वाचायच्या कादंबऱ्या मीही फोनवरच वाचते, आणि एखादा शब्द हजार पानांतून शोधायचा असेल तर फोनला तोड नाही. पण "तेच आहे की तिकडे, मग हे कशाला ठेवायचं" या विचाराने मोठमोठी ग्रंथालयंसुद्धा फसली आहेत. शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ चा पहिला एकत्रित ग्रंथ ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाकडे आला होता. पुढे नवी, भर घातलेली आवृत्ती निघाल्यावर जुनी प्रत त्यांनी काढून टाकली. जवळजवळ अडीच शतकांनी एक विद्यार्थी घरातलं जुनं पुस्तक बांधणी दाखवायला म्हणून तिथे घेऊन आला, आणि ती तीच प्रत निघाली. १९०६ मध्ये लोकांकडून वर्गणी गोळा करून ग्रंथालयाने ती परत विकत घेतली. म्हणून नवी आवृत्ती आली की जुनी रद्दीत घालण्याआधी मी तरी दहा वेळा विचार करते. जुन्या आवृत्तीतली प्रस्तावना, चित्रं, शुद्धिपत्र, गाळलेली प्रकरणं नव्या आवृत्तीत असतीलच असं नाही.

न वाचलेल्या पुस्तकांचं मनावर घेऊ नका. विकत घेऊन न वाचता रचून ठेवण्याला जपानी भाषेत 'त्सुंदोकू' असा खास शब्द आहे, तेव्हा ही सवय तुमच्या एकटीची खचितच नाही. मी एकच कसोटी लावते. पुस्तक हातात घेतलं की ते का आणलं हे आठवलं पाहिजे. आठवलं तर ते खुशाल पाच वर्षं वाट बघू दे. नाही आठवलं, तर ते वाचेल अशा कुणालातरी देऊन टाकते.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. शेदीडशे पुस्तकांचा ढीग आणि शेदीडशे पुस्तकांचा संग्रह यांत फरक असतो तो आत ओवलेल्या दोऱ्याचा. विषय, काळ, एखादा चित्रकार, एकाच पुस्तकाची वेगवेगळी भाषांतरं, फक्त शब्दकोश, काहीही चालेल. दोरा सापडला की नजर बदलते आणि शंभर कण्यांतून तुमचा एक कणा आपोआप दिसायला लागतो. न मिळालेल्या गोष्टीचीही गोडी कळते. १७९८ मध्ये जेम्स रेनेल या इंग्रज नकाशाकाराच्या नकाशात पश्चिम आफ्रिकेत 'काँग पर्वत' नावाची लांबलचक रांग दाखवली गेली, आणि नकाशावाले एकमेकांचं बघून ती काढत राहिले. १८८९ च्या सुमारास बिंजे नावाचा फ्रेंच अधिकारी तिकडून फिरून आला तेव्हा कळलं की तिथे तसे पर्वतच नाहीत. हे नसलेले पर्वत छापलेला एखादा अ‍ॅटलास मला हवा आहे. इतकी वर्षं शोधतेय, अजून मिळालेला नाही, आणि नवा ढीग दिसला की पावलं आपोआप तिकडे वळतात.

जपणुकीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगायला हवं. पोथ्यांच्या शेवटी लेखनिक लिहीत असत तो श्लोक तुम्ही ऐकला असेल: तैलाद्रक्षेत् जलाद्रक्षेत् रक्षेत् शिथिलबन्धनात्. तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला सांभाळा, असं पुस्तकच सांगतंय. यातला पाण्याचा धडा मी चुकून शिकले. कपाट बाहेरच्या भिंतीला अगदी चिकटवून ठेवलं होतं, पावसाळ्यात ओल आली, आणि मागच्या रांगेतल्या अकरा पुस्तकांवर बुरशी चढली. त्यातली चार बचावली. तेव्हापासून कपाट आणि भिंत यांत वीतभर जागा असते. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडते आणि तिचा डाग कागदात उतरतो. पुस्तक काढताना कण्याच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढायचं नाही, शेजारची दोन थोडी आत ढकलायची आणि मधोमध धरून काढायचं. मोठी, जड पुस्तकं आडवी. जुनं पुस्तक आणलं की ते दोनतीन आठवडे इतरांपासून वेगळं, कसर नाही ना हे बघून मगच कपाटात. साधारण १८५० नंतर लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या बऱ्याच कागदात आम्ल राहून जातं. ती पानं पिवळी होऊन ठिसूळ पडतात, म्हणून ऊन लागू द्यायचं नाही, आणि कोपरा दुमडून खूण तर कधीच नाही.

या आठवड्यात जमलं तर सगळी पुस्तकं कपाटातून खाली काढा आणि एका वहीत प्रत्येकापुढे एक ओळ लिहा: कधी आलं, कुठून आलं, का आणलं. तीसचाळीस ओळी झाल्या की तुमचा दोरा कोणता ते दिसायला लागेल. मलाही माझे अ‍ॅटलास असेच सापडले. तोवर माझ्याकडे सात जमले होते, आणि मी अ‍ॅटलास जमवते हे मला माहीतच नव्हतं.