सासूबाई पडतात आणि माझी कंबर धरते

प्रश्न : आम्ही पंचवटीत जुन्या वाड्यात राहतो. सासूबाई ७९ वर्षांच्या, बीपीची गोळी चालू आहे. रात्री लघवीला उठल्या की मोरीच्या दाराशी तोल जातो. परवा पडल्याच. मी काखेत हात घालून उचललं, तेव्हापासून माझी कंबर धरलीय. मिस्टर नोकरीला पुण्यात. नणंद सिडकोत राहते, फोनवर म्हणते, "वयच झालंय, लक्ष ठेव." किती ठेवू?
– एक सून

उत्तर : वय झालंय, हे काही निदान नव्हे. नणंदेला तसं माझ्या नावाने सांगा. वॉर्डात जन्म गेलाय माझा.

आधी तुमची कंबर. काखेत हात घालून उचलणं आजपासून बंद. माणूस पडला की ताबडतोब उभं करायची घाई आपल्यालाच असते. खुब्यात कळ येतेय का, एक पाय आखूड दिसतोय किंवा बाहेर वळलाय का, डोक्याला लागलंय का, ते बघा. यातलं काही असेल तर हलवू नका, पांघरूण घाला आणि १०८ला फोन करा. नसेल तर त्यांना कुशीवर वळू द्या, मग हात-गुडघ्यांवर येऊ द्या. समोर भक्कम खुर्ची ठेवा. तिच्यावर हात टेकून, एक पाऊल पुढे रोवून त्या स्वतः उठतील. तुम्ही फक्त दुसरी खुर्ची मागून सरकवायची.

आता त्या का पडतात ते. सासूबाईंना पाच मिनिटं झोपवून बीपी मोजा. मग उभं करून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा; शेजारी कुणीतरी हवंच. वरचा आकडा २० किंवा खालचा १०ने उतरला, तर कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. लघवीची किंवा झोपेची गोळी रात्री घेतात का, तेही सांगा. तोवर उठताना पलंगाच्या काठावर मिनिटभर बसून पाय हलवायचे, मगच उभं राहायचं.

नाशिकच्या थंडीत त्या पायमोजे घालून उठत असणार. शहाबादी फरशीवर लोकरी मोजा म्हणजे घसरगुंडीच! रबरी तळाची सपाता द्या. उंबरठ्याच्या कडेला पांढरा पट्टा आणि रात्रभर छोटा दिवा. कमोडची खुर्ची पलंगाशेजारी आली तर उत्तमच, पण वाड्यात देवघर बहुधा त्याच खोलीत असतं. देव हलवायचे की पलंग, हे त्यांनाच ठरवू द्या. आपण ठरवलं तर खुर्चीवर कपडे वाळत पडतात.

राहिली नणंद. सिडको काही परगाव नाही. आठवड्यातल्या दोन रात्री तिच्या; वार ठरवून घ्या, "जमेल तेव्हा" चालणार नाही. त्या रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं. ज्येष्ठांसाठीच्या योजना किंवा सेवांची चौकशी करायची तर १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

आणि कंबरेची कळ पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर सासूबाईंच्या तपासणीच्याच दिवशी तुमचाही नंबर लावा.