काडीला बांधलेला दोरा

पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ३१ तारखेला तुझ्या बँकेतल्या मॅडम निवृत्त होणार, शाखेची वर्गणी शाल-श्रीफळ आणि भिंतीवरच्या घड्याळात जाणार, आणि तुला स्वतःचं वेगळं काही द्यायचंय. काय देऊ, कितीचं देऊ, आगाऊपणा तर दिसणार नाही? प्रश्न तीन, आणि मॅडमबद्दल ओळ एकच: ‘खूप सांभाळून घेतलं.’ ती ओळ वाढव. वस्तू नंतर. आधी माणूस बघ.

मी १९८७ साली बँकेत लागलो तेव्हा बचत खात्याचं व्याज हातानं काढायचो. महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरायची, तिच्यावर व्याज. (रोजच्या शिल्लकेवर व्याज मिळायला १ एप्रिल २०१० उजाडला.) सहामाहीला लेजरं जुळवता जुळवता रात्र व्हायची. एकदा माझा फरक आला ५४ रुपये. शेजारच्या टेबलावरचे काका घरी निघाले होते, ते पिशवी ठेवून परत बसले. “नऊनं भाग जातोय ना? मग आकडे उलटे पडलेत कुठंतरी.” मी ३९ चे ९३ केले होते. पुढे कॅशवर बसलो आणि पहिल्याच आठवड्यात शंभर रुपये कमी भरले. तूट कॅशियरनं खिशातून भरायची. ती काकांनी भरली आणि पुन्हा विषय काढला नाही. मीही नाही काढला.

अशा माणसाला निरोपाला मी काय दिलं? नंबर-लॉकची ब्रीफकेस. वाईट नव्हती हं! निम्मा पगार गेला होता, आणि साहेबलोकांच्या हातात तेव्हा तीच असायची. पण काका जन्मभर कापडी पिशवी घेऊन आले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना कुठं जायचंच नव्हतं. त्यांच्या चष्म्याची काडी मात्र दोऱ्यानं बांधलेली होती. तीन वर्षं माझ्यासमोर! आकडे तपासताना एका हातानं ते चष्मा धरून ठेवायचे.

नंतर त्यांच्या घरी गेलो, तर ब्रीफकेस कपाटावर, प्लास्टिकच्या आवरणासकट. काकू म्हणाल्या, “जपून ठेवलीय.”

तेव्हा मोबाइलवर वस्तू चाळणं आधी बंद कर. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची रांग लागते तेव्हा मॅडम स्वतः उठून म्हाताऱ्यांना खुर्ची देतात, हे तूच फोनवर सांगितलंस. त्यांना खुर्चीत पाठ टेकवता येते का? निवृत्तीनंतर कुणाकडे राहणार? माहीत नाही ना? मग वस्तूचं नाव मला काय विचारतेस! माझी निवड कळलीच तुला. चार दिवस त्यांच्या शेजारी डबा खा. माणूस बघ.

किमतीचा प्रश्न मी वाचलाच नाही असं समज. आगाऊपणाची भीती असेल तर समारंभात देऊ नकोस; आदल्या दिवशी कॅश जुळली की त्यांच्या टेबलापाशी दे. सोबत चिठ्ठी लिही: कुठल्या चुकीत त्यांनी तुला वाचवलं, तारखेसकट. माझ्या त्या शंभर रुपयांची चिठ्ठी लिहायची राहिली, आणि आता ते काका नाहीत.

आणि वर्गणी वेळेत भर. घड्याळाला नाक मुरडू नकोस.

तुझा,
काका