नववीची मुलं परासरणाची (ऑस्मोसिस, म्हणजे निवडक्षम पडद्यातून पाणी विरळ द्रावणाकडून घट्ट द्रावणाकडे जाणं) व्याख्या घडाघडा म्हणतात, पण समजलेलं नसतं. काय करावं?

व्याख्या शेवटी द्या. मी नाशिकला विज्ञान शिकवते; इथे बेदाणे सहज मिळतात, तेच वर्गात नेते. काही साध्या पाण्यात, काही साखरेच्या घट्ट पाकात रात्रभर ठेवायचे. पण त्याआधी प्रत्येकाने वहीत अंदाज लिहायचा, कारणासकट. पोर्शन कितीही मागे असो, हे गाळू नका. चुकलेला अंदाजच मुलांना विचार करायला लावतो. बरीच मुलं लिहितात, “दोन्ही फुगतील, दोन्ही ओलेच आहेत ना!” सकाळी पाण्यातला बेदाणा टपोरा, पाकातला सुरकुतलेलाच. मग टपोरा पाकात टाका. शाळा सुटेपर्यंत तोही आक्रसायला लागतो. “बाई, पाणी बाहेर गेलं!” असं कुणीतरी म्हणतंच. तेव्हा फळ्यावर लिहा: परासरण.