इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांमध्ये पहिल्यांदा चालणार असशील तर
अरे अख्खा कॉट्सवोल्ड वे करायचा नाद आत्ता सोड, ती १६४ किमीची पायवाट आहे, आधी चिपिंग कॅम्डन ते ब्रॉडवे या दोन गावांमधला एवढाच तुकडा कर, साधारण १० किमी, वाटेत डोव्हर्स हिल आणि ब्रॉडवे टॉवर दोन्ही येतात. खांबावर पिवळा बाण म्हणजे फक्त पायवाट, निळा असेल तर घोडे नि सायकली पण येणार. वाट सरळ कुणाच्यातरी शेतातून जाते, आपल्याला उगाच चोरासारखं वाटतं, पण सगळ्यांच्या हक्काची वाट आहे, बिनधास्त जा, फक्त फाटक जसं होतं तसंच ठेव. गायींसोबत वासरं दिसली तर मात्र मधून घुसू नकोस, लांबून वळसा घाल. आणि बूट वॉटरप्रूफच घे बाबा, पाऊस झाला की फाटकापाशी गुरांनी तुडवलेला चिखल घोट्यापर्यंत येतो. परतीची बस आधीच बघून ठेव.