नोआ म्हणजे नोहा नव्हे

मुलीचं नाव नोआ ठेवायचंय, अर्थ काय, आणि ते बायबलमधल्या तारवावाल्या नोहाचंच बाईरूप का, असं विचारलंत. नाही. साफ नाही. हिब्रूत नोहाच्या शेवटी 'खेत' हे अक्षर येतं, त्याचा संबंध विसाव्याशी. नोआमध्ये 'आयिन' आहे आणि अर्थ आहे हालचाल. आजच्या हिब्रूत रहदारीला 'तनुआ' म्हणतात, तेही त्याच धातूतलं. एक विसावलेला, एक हलणारी. देवनागरीत दोघं शेजारी येऊन बसतात, म्हणून गल्लत.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. लेकीचं नाव नोआ ठेवलं तेव्हा आत्या म्हणाली, "पुरुषाचं नाव पोरीला? सारा, रिबका, लेआ संपल्या काय?" मी तिला तोरातल्या, म्हणजे आमच्या धर्मग्रंथातल्या, 'गणना' या पुस्तकाचा अध्याय २७ वाचून दाखवला. सलाफहादच्या पाच मुली: महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बाप मेला, मुलगा नव्हता. पाचही जणी सगळ्या मंडळीदेखत मोशेपुढे, म्हणजे इस्राएल लोकांच्या पुढाऱ्यापुढे, उभ्या राहिल्या. भाऊ नाही म्हणून बापाचं नाव का पुसायचं? आम्हाला वतन, म्हणजे जमिनीचा वाटा, द्या. मोशेने देवाला विचारलं. देव म्हणाला, मुली बरोबर बोलताहेत. आत्या गप्प.

पुढे बाबा गेले आणि अलिबागकडच्या वाडीसाठी भाऊ हक्कसोडपत्र घेऊन आला. मजकूर टाइप केलेला, फक्त माझी सही बाकी. "सगळ्या बहिणी करतात हो," वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाली. मी ताठ मानेने नोआची गोष्ट काढली. भाऊ शांतपणे म्हणाला, "त्यांना भाऊ नव्हता. तुला आहे."

खरं सांगते, त्यावर मला बोलता आलं नाही. तोराप्रमाणे त्याचंच बरोबर: मुलगा नसेल तरच मुलीला. पण आम्हा यहुद्यांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो, आणि त्यात मुलगा-मुलगी सारखेच. सही केली नाही. नारळ अजून तोच उतरवतो, ते वेगळं. तुमच्यापुढे कुणी असा कागद ठेवला, तर चहा पिऊन उठा.

आणि हो, त्या पाचजणींनाही सुखासुखी मिळालं नाही. अध्याय ३६ मध्ये अट आली, लग्न बापाच्याच वंशात करा. त्यांनी चुलतभावांशी लग्नं केली. हे आत्याला मी वाचून दाखवलं नव्हतं.

मराठी आडनावापुढे कसं वाटेल ते तुम्ही बघा. इस्रायलमध्ये मात्र फार चालणारं नाव. जन्मदाखला हातात पडला की तिथेच वाचा, आमच्या लेकीचं दोनदा 'नोहा' झालंय.