मुंबईची हवा खरंच बिघडली आहे, की आता मोजमाप वाढल्यामुळे तसं वाटतं?

बिघडली आहे. तुम्ही लिहिलंय की लहानपणी दादरला डिसेंबरात असं धुरकं नसायचं, आणि मित्र म्हणतात, तेव्हा एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा आकडा, बघत होतं कोण? मित्रांचं म्हणणं अगदीच चूक नाही. पीएम 2.5, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचं राष्ट्रीय मानकच 2009 साली आलं, मुंबईत 'सफर' ही हवा मोजणारी सरकारी यंत्रणा 2015 ला. म्हणजे तुमच्या लहानपणाचे आकडे जमिनीवर शोधून उपयोग नाही.

ते वरून शोधावे लागतात, आणि माझं रोजचं काम तेच आहे. टेरा उपग्रहावरचं मोडिस हे उपकरण 2000 पासून हवेतल्या कणांमुळे सूर्यप्रकाश किती अडतो ते नोंदवतंय. चीनवर 2013 नंतर या नोंदींची रेघ उतरत गेली. आपल्याकडे, विशेषतः पावसाळा संपल्यापासून थंडीपर्यंत, ती चढत गेली. सगळ्यात दाट धुरकं गंगेच्या खोऱ्यात, पण पश्चिम किनाराही सुटलेला नाही. मुंबईचे नकाशे बघताना मात्र जपून. पावसाळ्यात ढगांमुळे नोंदी फारशा मिळतच नाहीत, त्यामुळे वर्षाची सरासरी फसवी निघते. जानेवारीची तुलना जानेवारीशीच करा.

समुद्र आहे ना, मग मुंबईला कसली भीती, असं सगळेच म्हणायचे. खारे वारे दुपारी हवा धुऊन काढतात हे खरंच. थंडीत ते उशिरा आणि दुबळे येतात, रात्रभर मतलई वारे जमिनीवरचाच धूर समुद्राकडे ढकलतात आणि वारा फिरला की त्यातला बराचसा परत येतो. 2022-23 च्या हिवाळ्यात वारे पडले, त्याचं खापर ला निनावर, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी थंडावण्याच्या चक्रावर फोडलं गेलं. वाऱ्याने एखादा हिवाळा वाईट जातो, पण वीस-पंचवीस वर्षांची चढती रेघ वाऱ्याने होत नाही. ती कोळशाच्या विजेने, वाहनांनी, कचरा जाळण्याने होते.

खिडकीच्या कट्ट्यावरची करडी पूड बोटांत चुरून बघा, खरखरीत लागेल. ती मुख्यतः बांधकामाची, डंपरची. ती पुसता येते. फुप्फुसात खोलवर जाणारे कण त्याहून कितीतरी बारीक, आणि त्यातले पुष्कळसे चिमणीतल्या सल्फर डायऑक्साइडपासून वाटेत हवेतच तयार होतात, शेकडो किलोमीटर दूरवरून येतात. महापालिकेने ऑक्टोबर 2023 मध्ये उंच बांधकामांभोवती 35 फुटी पत्रे सक्तीचे केले, ते गरजेचेच आहेत. पण ते धूळ अडवतात, हे कण नाही. 2019 पासूनचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमही शहरांची प्रगती मुख्यतः पीएम 10 वरच, म्हणजे जाडसर धूळही धरणाऱ्या मापावरच तोलतो. मला याची मनापासून चीड येते. पाणी शिंपडून पीएम 10 चा आकडा खाली येतो आणि दम्याच्या पेशंटला काही फरक पडत नाही.

घरात कुणाला दमा असेल तर डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाचं फिरणं बंद करा. खारे वारे सुरू झाल्यावर, दुपार उलटली की बाहेर पडा.